बाईचं असेल तर दोन अक्षरं

“काकू, यात एक अक्षर कमी पडलंय,” असं ती म्हणाली तेव्हा माझी बोटं खळीत होती. डाव्या हातात वाळलेली फांदी, उजव्या हातात ब्रश, आणि आमच्या संस्थेत सूक्ष्मदर्शकावर बसणारी पोरगी वनस्पतिशास्त्राच्या मासिकाच्या ताज्या अंकाचं सातवं पान माझ्या नाकासमोर धरून उभी. तिला आम्ही चष्मेवाली म्हणतो. मी म्हटलं, छापणाऱ्यांनी खाल्लं असेल, कुणाचं आहे? ती म्हणाली, तुमचंच. मी हसले. अंक सकाळीच आला होता. त्या सातव्या पानावर एका नव्या वनस्पतीचं वर्णन होतं आणि तिच्या नावात आमचं आडनाव होतं. सकाळपासून मी ते पान चार वेळा वाचलं होतं, त्यातलं एकदा तर संडासात नेऊन, कडी लावून, कारण इतर कुठे नीट वाचू देत नाहीत. तीस वर्षांत माझ्या नजरेतून कुणाची वेलांटी सुटली नाही असं सगळे म्हणतात, मी पण म्हणते. आणि माझ्याच नावाला अक्षर कमी आहे हे मला चार वाचनांत दिसलं नव्हतं. हावरटासारखी मी फक्त आडनावावर नजर फिरवत बसले होते. पान हातात घेतलं तर त्यावर माझ्या अंगठ्याचा खळीचा ठसा उमटला. खळ ओली असताना पांढरी असते आणि तिला आंबूस वास येतो. तो वास तीस वर्षांत मला कधी लागला नव्हता, त्या क्षणी लागला.

नियम साधा आहे. माणसाच्या सन्मानार्थ झाडाला नाव द्यायचं असलं की त्याच्या आडनावाला लॅटिनचं शेपूट लावायचं. आमच्या आडनावासारखं आडनाव असलं तर पुरुषाला एका अक्षराचं शेपूट, बाईला दोन अक्षरांचं. कधी काळी कुणी ठरवलं देवाला ठाऊक, पण एवढ्या एका बाबतीत बाईला पुरुषापेक्षा एक जास्त मिळतं, असं मी नव्या मुलींना शिकवताना गमतीने सांगायची. अंकात एकच अक्षर होतं. म्हणजे छापील कागदावर मी पुरुष झाले होते. चष्मेवालीला हसू आवरेना. “काळजी नको काकू,” ती म्हणाली, “असली चूक दुरुस्त करता येते. आपल्या यादीत बरोबर करून टाका, संपलं.” ते खरंच होतं. दरवर्षी आमची संस्था त्या वर्षी जगात नाव मिळालेल्या झाडांची यादी काढते. नव्या जाती, नव्या प्रजाती, सगळ्या. यादी मी करते, वर नाव आमच्या जुन्या प्रमुखांचं, सरांचं असतं. पुढे जो तो त्या यादीवरूनच उचलतो, मूळ लेख कोण उघडून बघतं? यंदाची मुद्रितं, छपाईआधी तपासायची पानं, माझ्या टेबलावरच पडली होती, त्यात ही शेवटची ओळ घालून पंधरा दिवसांनी परत करायची होती. म्हणजे माझ्या नावातली चूक मीच सुधारायची होती. तरीही मी म्हटलं, सरांना विचारून घेते. चष्मेवालीने माझ्याकडे असं बघितलं, जसं सून सासूला विचारून पाणी पिते तेव्हा शेजारणी बघतात.

हे झाड मी शोधलंय, हे मी कुणाला म्हणत नाही. म्हणायला गेलं तर लोक विचारतात, कुठल्या डोंगरावर? मी डोंगरावर गेलेच नाही. मी ते जिन्याखाली शोधलं. फार पूर्वी एका रस्ते बांधणाऱ्या इंजिनियरने हौसेने झाडं गोळा करून वर्तमानपत्रांत दाबून संस्थेला पाठवली होती आणि ते गठ्ठे जिन्याखाली पडून होते. कसर लागलेले, उंदराच्या लेंड्यांनी भरलेले. ते साफ करायचं काम साहजिकच माझ्याकडे आलं. तोंडाला फडकं बांधून महिनाभर मी ती घाण उपसली. एके दिवशी एक बारकी, जमिनीसरपट वाढणारी फांदी तावावर चिकटवताना माझ्या लक्षात आलं की खळ पानाच्या खालच्या बाजूला धरून राहतेय, पसरत नाहीये. त्या कुळातल्या झाडांना लव असते ते ठाऊक होतं, पण लवेत खळ अशी अडकत नाही. भिंग लावलं. प्रत्येक केस टोकाला दुभंगलेला, दोन फाटे फुटलेला. मला ते अजून दिसतं, डोळे मिटले की. मी सरांकडे गेले तर सर म्हणाले, “बाई, तुम्ही आता झाडांचे केस विंचरायला लागलात का?” सगळे हसले, मीही हसले. मला हसायला लवकर येतं, तो माझा एक घाणेरडा गुण आहे. ती फांदी मी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली आणि ती नऊ वर्षं तशीच राहिली. मग चष्मेवाली आली, तिने यंत्राखाली लव बघितली आणि ओरडलीच. सर तोवर निवृत्त होऊन रोज यायला लागले होते. त्यांनी बघितलं, मान हलवली आणि म्हणाले, “मला शंका होतीच.” लेखही त्यांनीच लिहिला, स्वतःच्या नावाने.

आणि सहा महिन्यांपूर्वी माझ्या टेबलाशी थांबून, कधी थांबत नाहीत ते थांबून, म्हणाले होते, “बाई, नाव तुमच्या घरातलंच देतोय बरं का.” मी उठून उभी राहिले होते. शाळेत नाव पुकारल्यावर उभी राहायची तशी. “सर, कशाला” असं काहीतरी म्हटलं. ते सहा महिने मी कशी वागले ते आता आठवलं की अंगावर काटा येतो, चांगला काटा नव्हे. मी नणंदेला सांगितलं. नणंद आमच्या वरच्या मजल्यावर राहते, तिला सांगितलं म्हणजे इमारतीला सांगितलं. जिन्यात लोक विचारायचे, झाड लागलं का तुमचं? मी समजावून सांगायची की लागत नाही, आधीच असतं, फक्त नाव पडतं. भांडी घासताना मी ते नाव पुटपुटायची, शेवटच्या दोन अक्षरांवर जरा रेंगाळून. एकदा आरशासमोर म्हटलं. ओठ किती ओलसर, लोंबते दिसतात या वयात. तरी पुन्हा म्हटलं.

सर त्यांच्या खोलीत सफरचंद खात होते. तीन वर्षांपूर्वी त्यांचे सगळे दात गेले. दुसऱ्या दोन दंतवैद्यांनी बसवलेल्या कवळ्या त्यांना लागायच्या, हिरड्या सोलून निघायच्या, बोलताना वरची पंगत खाली यायची आणि ते घाईने जिभेने ती वर ढकलायचे. ते बघवत नव्हतं म्हणून मीच त्यांना आमच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणजे माझे यजमान. दातांचे. घरात सगळेच त्यांना डॉक्टर म्हणतात, सख्खी बहीणसुद्धा, त्यात मीही सामील झाले. त्यांचा दवाखाना आमच्याच इमारतीत तळमजल्यावर आहे आणि सरांच्या जबड्याचा प्लास्टरचा साचा कितीतरी दिवस आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत वाळत पडला होता. चहा करताना माझं लक्ष जायचं. दात नसलेला पांढरा जबडा, आत टाळूच्या वळ्यासुद्धा उमटलेल्या. ज्या तोंडातून लॅटिन ऐकत माझी निम्मी हयात गेली त्या तोंडाचा आतला भाग साखरेच्या डब्याशेजारी. तिसरी कवळी बसली, छान बसली. तेव्हापासून सर आल्यागेल्यासमोर सफरचंद खातात. कुणी आलं की मुद्दाम चावतात.

“सर, एक अक्षर राहिलंय,” मी म्हटलं.

“कुठे?”

“आपल्या नव्या झाडाच्या नावात. बाईचं असेल तर शेवटी दोन अक्षरं लागतात ना. एकच पडलंय.”

सर चावत होते. चावता चावता थांबले. गालात घास तसाच ठेवून त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यातच मला कळलं. पुढचं बोलणं ऐकायची गरज नव्हती. पण मी उभी राहिले आणि त्यांनी घास गिळला.

“बाई, एकच पाहिजे ते,” सर म्हणाले. “डॉक्टरांनी सांगितलं नाही तुम्हाला? मी त्यांना म्हटलं होतं, घरी तुम्हीच सांगा.”

“नाही.”

“कमाल आहे.” त्यांनी ओठ पुसले. “तुम्हाला नाही कळायचं बाई. दोन वर्षं मी सगळं वाटून, गाळून पीत होतो. लहान मुलासारखं. माणसाला चावता येणं म्हणजे काय, हे ज्याला चावता येतं त्याला कळत नाही. त्या माणसाने माझ्यावर उपकार केलेत. त्याच्यासाठी मी काय करणार? माझ्याकडे देण्यासारखं हेच.” मग माझा चेहरा बघून असेल, आवाज जरा खाली आणून म्हणाले, “आणि तुमचंही आलंच की त्यात. आडनाव एकच आहे.”

सफरचंदाचा चोथा त्यांच्या खालच्या दातांना चिकटला होता. मी त्याच्याकडेच बघत राहिले. म्हटलं, “हो सर, आलंच की.” आणि हसले. बाहेर येऊन मोरीत हात धुतले. खळ कधीच वाळून पापुद्रे झाली होती, ते नखाने खरवडून काढले, तरी हात चिकट वाटत राहिले.

लवंगेच्या तेलाचा वास. आमच्या लग्नाला एकतीस वर्षं झाली आणि एकतीस वर्षं मी त्या वासाशेजारी झोपले. सुरुवातीला मला तो स्वच्छ वाटायचा, औषधी. मग त्याच्या खालचा वास लागायला लागला. लोकांच्या तोंडांचा, किडक्या दाढांचा, रबरी हातमोजे काढल्यावर बोटांना सुटलेल्या घामाचा. डॉक्टर जेवायला बसले की आधी बोटं हुंगतात. त्यांना ते ठाऊक नाही. मला वाईट म्हणायचं नाही, माणूस सरळ आहे, आवाज चढवत नाही, माझ्या कामाला कधी आडवे आले नाहीत. फक्त संस्थेला गवताचं गोदाम म्हणतात. पाहुण्यांना सांगतात, “ही गवत चिकटवते,” आणि पाहुणे हसले की माझ्या पाठीवर थाप मारतात, म्हणजे गंमत केली बरं का. एकतीस वर्षांत त्यांनी मला एकदाही विचारलं नाही की गवत चिकटवून पुढे काय करतेस. त्यांना झाडांपैकी गुलाब ओळखता येतो, तो पण फुलं आली असली तर.

त्या संध्याकाळी मी पानं वाढली आणि उभ्या उभ्याच विचारलं, “अहो, ते झाड तुमच्या नावाचं आहे हे तुम्हाला सहा महिने माहीत होतं?”

“कोणतं झाड? अच्छा, ते होय. तुझे सर म्हणाले होते खरं.” डॉक्टरांनी घास घेतला. “छापून आलं वाटतं?”

“मी सगळ्या इमारतीला माझं म्हणून सांगत होते. तुमच्यासमोर सांगत होते. तुम्ही ऐकत होतात.”

“तू खुशीत होतीस,” डॉक्टर म्हणाले. “तुझ्या आनंदावर कशाला विरजण घालायचं? आणि मला तरी त्यातलं काय कळतंय? तुझं काय नि माझं काय.”

ते खोटं बोलत नव्हते. तेच जास्त किळसवाणं होतं. खोटं बोलले असते तर मला भांडता आलं असतं. या माणसाला सहा महिने रोज ठाऊक होतं, तो माझा आनंद बघत होता, आणि त्याला दया आली होती. पेशंटला खरं सांगत नाहीत तसं त्याने मला सांगितलं नव्हतं. मला आठवलं, एकदा मी स्वयंपाकघरात ते नाव मोठ्याने म्हटलं होतं आणि दारात डॉक्टर उभे होते, हसत. तेव्हा मला ते कौतुक वाटलं होतं. एवढ्यात वरून नणंद आली, आमचं बोलणं तिला जिन्यातच ऐकू गेलं असणार. “वहिनी, अगं झाड दादाच्या नावाचं निघालं म्हणे? चला, घरातच राहिलं.” आणि दोघं भावंडं हसली. डॉक्टर म्हणाले, “अगं, ते दिसतं तरी कसं? मला एक करून दे ना, ते तुम्ही कागदावर चिकटवता तसं. फ्रेम करून दवाखान्यात लावू. पेशंट बसलेले असतात, बघतील.” मी म्हटलं, देते.

दुसऱ्या दिवशी चष्मेवालीला सांगावंच लागलं. तिने चष्मा काढला आणि पुसत बसली. मग म्हणाली, “काकू, मी मूळ लेख पुन्हा वाचला. त्यात नुसतं एवढंच आहे, ‘यांच्या स्नेहपूर्ण साहाय्याबद्दल’ आणि पुढे आडनाव. डॉक्टर नाही, श्री नाही, काही नाही. हे बाई की पुरुष, कोण सांगणार? तुम्ही यादीत दुसरं अक्षर घाला. नियमच आहे, चूक दिसली की सुधारायची. पुढच्या वर्षी सगळीकडे तेच होईल. सर काय भांडायला येणार? ‘हे बाईंचं नव्हे, माझ्या दातवाल्याचं आहे’ असं लिहून छापतील?” तिचं बरोबर होतं. यादी माझ्या हातात होती. एक अक्षर घातलं की झाड माझं, कायमचं. सर जातील, डॉक्टर जातील, मी जाईन, अक्षर राहील. मी मुद्रितात ते अक्षर पेन्सिलीने घातलं. पेनाने घातलं नाही. पेन्सिलीने, बारीक, चोरासारखं. आणि दिवसभर ते पान पुन्हा पुन्हा उघडून बघत राहिले, लहानपणी गुडघ्याची खपली उचकटून बघायची तशी. मला ते नाव हवं होतं. किती हवं होतं हे मला तेव्हा कळलं आणि त्या हव्यासाचीही शिसारी आली. दातांच्या बदल्यात दिलेलं, दुसऱ्याला दिलेलं, त्याच्याच आडनावाला लोंबकळणारं अक्षर, ते मी उचलून पदरात घ्यायला निघाले होते. लग्नाआधीचं माझं आडनाव वेगळं होतं. ते लिहायची सवय इतकी गेली होती की एका चिठ्ठीवर लिहून बघितलं तर अक्षर वेगळंच आलं, कुणा शाळकरी मुलीचं.

डॉक्टरांच्या फ्रेमचं मी विसरले नव्हते. खरं शीट संस्थेबाहेर न्यायचा प्रश्नच नव्हता, ते लाल फोल्डरमध्ये कुलपात असतं. पण आमच्या इमारतीमागे सांडपाण्याचं गटार आहे आणि त्याच्या कडेला एक तण उगवतं. पाण्यात पाय बुडवून उभं असतं, तेलकट, चकचकीत पानं, बोटाने चुरडलं की बुळबुळीत रस येतो. मी ते मुळासकट उपटलं. चिखल धुतला, पुरता धुतला नाही. वर्तमानपत्रात घालून शब्दकोशाखाली आठ दिवस दाबलं, रोज कागद बदलले. मग जसं टाइप शीट, म्हणजे ज्या नमुन्यावर झाडाचं नाव उभं असतं ते शीट, करते तसंच केलं. चांगला ताव, फांदीला बारीक टाके, एक पान मुद्दाम उलटं ठेवलेलं म्हणजे खालची बाजू दिसावी, कोपऱ्यात पाकीट बियांसाठी, आणि उजव्या हाताला खाली छापील पट्टी, त्यावर नव्या झाडाचं नाव, एका अक्षराच्या शेपटासकट. इतकं सुबक शीट मी कित्येक वर्षांत केलं नव्हतं. फ्रेम दवाखान्यात खुर्च्यांच्या समोर लागली. डॉक्टर पेशंटना सांगायला लागले, “हे आपल्या नावाचं.” लोक गाल धरून उभे राहायचे आणि गटारातल्या तणाकडे आदराने बघायचे. मला त्यात जी मजा वाटत होती ती चांगली मजा नव्हती, हे मला कळत होतं. पण मला एकच हवं होतं. पुढच्या आठवड्यात सर कवळी तासून घ्यायला येणार होते. ते त्या भिंतीसमोर बसतील. चिडतील, किंवा हसतील, डॉक्टरांना विचारतील, हे काय लावलंय? आणि डॉक्टरांना पेशंटसमोर कळेल की ज्याच्यावर त्यांचं नाव आहे ते त्यांना ओळखता येत नाही. बस्स. सरांवर माझा इतका विश्वास होता. माझं नाव त्यांनी खाल्लं, पण झाडाच्या बाबतीत ते फसणार नाहीत, हे मी धरूनच चालले होते.

सर आले त्या दिवशी मी कामावरून लवकर निघाले. दवाखान्यातली मदतनीस रजेवर होती, डॉक्टर म्हणाले, जरा ट्रे धर. मी ट्रे धरला. सरांनी कवळी काढून त्यात ठेवली. ती गरम होती, पातळ स्टीलमधून माझ्या बोटांना ऊब लागली. गुलाबी प्लास्टिकवर थुंकीची तार ताणली जाऊन तुटली. कवळीविना सरांचा चेहरा खालून आत गेला होता, हनुवटी नाकाकडे आलेली, आणि त्या बोळक्या तोंडाने ते माझ्याकडे बघून हसले. डॉक्टरांनी कवळी यंत्रावर तासली, गुलाबी भुसा उडून माझ्या बाहीवर बसला. पुन्हा बसवली, सरांनी चूळ भरली, उठले, आणि बाहेर येऊन फ्रेमसमोर थांबले. डॉक्टर मागोमाग आले. दोन पेशंट बसले होते.

“वा,” सर म्हणाले.

मी ट्रे घेऊन दारात उभी होते. त्यांनी चष्मा वर ढकलला, वाकले, नाक काचेला टेकेल इतके जवळ गेले. वेळ घेतला. मी वाट बघत होते.

“हिने केलेलं आहे,” डॉक्टर म्हणाले.

“कळतंच आहे. बाईंचा टाका.” सरांनी पेशंटकडे वळून सांगितलं, “हे बघा, या पानाची ही खालची बाजू. तुम्हाला काही दिसतं?” एक पेशंट नाही म्हणाला. “दिसायचं नाही. सवय लागते. इथे लव आहे. बारीक, आणि प्रत्येक केस टोकाला दुभंगलेला. तेवढ्यावरून मी हे ओळखलं.” त्यांनी काचेवरून बोट फिरवलं, त्या बुळबुळीत, चकचकीत, टकल्या पानावरून.

“सर,” मी म्हटलं, “दिसते तुम्हाला लव?”

“दिसते म्हणजे?” सर म्हणाले. “अहो बाई, मी शोधलीये ती.”

मी हसले नाही. ट्रे आत ठेवला, बेसिनचा नळ सोडला आणि ओकले. डॉक्टरांनी बाहेरून विचारलं, काय झालं गं? मी म्हटलं, काही नाही, वास. ते पटलं त्यांना. तोंडावर पाणी मारताना मी हिशोब करायचा प्रयत्न करत होते की तीस वर्षांतली किती शीट्स सरांनी खरोखर बघितली असतील आणि किती नुसत्या माझ्या टाक्यावर आणि माझ्या पट्टीवर मान हलवली असेल. म्हातारपणाने डोळे गेले म्हणावं तर जिन्याखालची फांदी मी नेली तेव्हा डोळे चांगले होते. बघितलीच नव्हती. मी भिंग पुढे केलं होतं आणि त्यांनी ते हातातही घेतलं नव्हतं, विंचरण्याचा विनोद करून मोकळे झाले होते. मी ज्या नजरेसाठी इतकी वर्षं टाके घातले, एक पान उलटं ठेवलं, खालची बाजू दिसावी म्हणून, ती नजर तिथे नव्हतीच. आणि या माणसाकडून मला नाव हवं होतं.

मुद्रितं परत करायच्या दिवशी मी सकाळी लवकर गेले. चष्मेवाली यायची होती. पान उघडलं आणि पेन्सिलीचं अक्षर खोडून टाकलं, नीट, खोडरबराचा भुगा फुंकून. ते अक्षर मला नको झालं होतं. खोटं होतं म्हणून नव्हे. देणाऱ्याला काही दिसत नव्हतं आणि घेणाऱ्याला काही कळत नव्हतं, त्या दोघांच्या मधे शेपूट होऊन लोंबायचं नव्हतं. एकच अक्षर राहिलं, सरांना हवं होतं ते. यादीत सगळ्यात उजवीकडे एक अरुंद रकाना असतो, नाव कशावरून पडलं त्याचा. लेखात स्पष्ट नसेल तर तो मी विचारून भरते. एखाद्या नदीवरून, कुणाच्या मुलीवरून, कुणाच्या गुरूवरून. या ओळीत तो रिकामा होता. विचारायची गरज नव्हती, मला सांगून झालं होतं. मी पेन घेतलं आणि रकान्यात मावेल अशा बारीक, स्वच्छ अक्षरात लिहिलं: लेखकाची कवळी बसवणारे दंतवैद्य. मग पुन्हा एकदा वाचलं, कुठे काही सुटलंय का ते बघायला, आणि पाकीट बंद केलं.